भिंतीवर लिहिणारीचं नाव

आमच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात एक जुना फोटो आहे. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेल्या. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर शिबिराला गेलो होतो तेव्हाचा. कुडाच्या भिंतीपुढे दोन बायका पाठमोऱ्या बसल्या आहेत. एकीच्या हातात बांबूची काडी, दुसरीच्या पुढ्यात तांदळाचं पीठ कालवलेली वाटी. भिंतीवर लग्नाचा चौक निम्मा झालेला. फोटोच्या मागे आमच्यातल्याच कुणीतरी निळ्या शाईने लिहून ठेवलं आहे, 'वारली चित्रकला, शिबिराचा दुसरा दिवस'.

एवढंच. शिबिर आमचं, म्हणून त्याची नोंद झाली. त्या दोघी कोण, हे कुणी लिहिलं नाही.

हा फोटो आम्ही पुढे भरपूर वापरला. आठ मार्चच्या पोस्टरवर चौकातली माणसं उचलली. फेर धरलेल्या बायका तर पत्रकांवर, पिशव्यांवर, दिनदर्शिकेवर इतक्या वेळा आल्या की त्या आमच्याच वाटायला लागल्या. त्या दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर मांडणी कुणाची, अक्षरजुळणी कुणाची, छपाई कुठली, मदत कुणाकुणाची, सगळं न चुकता छापलेलं आहे. मुखपृष्ठाच्या चित्रापुढे मात्र 'पारंपरिक वारली'. बायकांची नावं इतिहासातून पुसली जातात म्हणून आपण किती भाषणं केली, मैत्रिणींनो! इथे तर पुसायचीही वेळ आली नाही. आम्ही नावं विचारलीच नव्हती.

हे आज आठवायचं कारण असं की गेली काही वर्षं दर मार्चमध्ये 'दुर्लक्षित कलावती' अशा याद्या निघू लागल्या आहेत. दलित, आदिवासी, भटक्या समाजांतल्या, अल्पसंख्य समाजांतल्या कलावंत बायकांची पाच-दहा नावं, सोबत फोटो, दोन ओळी माहिती. याद्या निघाव्यात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण या बायका दुर्लक्षित राहिल्या, असं म्हटलं की ते पाऊस पडला नाही असं म्हटल्यासारखं ऐकू येतं. दुर्लक्ष आपोआप होत नसतं. कुणीतरी बघत असतं आणि बघता बघता काही गाळत असतं. ते कसं होतं हे आपल्या दाराशीच असलेल्या वारली चौकावरून समजून घेता येईल, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

वारल्यांच्या घरी लग्न निघालं की भिंत सारवतात, तिच्यावर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक काढतात. ब्रश म्हणजे टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, त्यांच्या बाहेर झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि परंपरेने तो काढायचा सवासणींनीच, पुरुषांनी नाही. इतकंच काय, लग्न लावते तीही बाईच. तिला धवलेरी म्हणतात. सगळा विधी तिच्या गाण्यांनी पुढे सरकतो. भटजीशिवाय, आणि बाईच्या तोंडून लग्न! शहरात आपण स्त्री पुरोहितांचे वर्ग काढले तेव्हा केवढी बातमी झाली होती.

पण म्हणून आदिवासी समाजात बाईचं राज्य आहे असं गोड चित्र रंगवायचं कारण नाही. आपल्याकडे ती खोड आहे. सवासण म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे ती. नवरा गेला की काडी हातातून गेली. हात तोच, डोळा तोच, तिला ठाऊक असलेल्या खुणा त्याच, पण चौकापाशी बसायचा मान संपला. शिवाय ज्या लग्नासाठी हा चौक काढायचा त्या लग्नाचा इतिहासही विसरू नये. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं आहे त्यांना 'लग्नगडी' हा शब्द ठाऊक असेल. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, म्हणजे बहुधा जन्मभर. नव्या नवरीवर जमीनदाराचा डोळा असायचा तो वेगळाच. १९४५ च्या लढ्यात वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली, त्यात बायका पुढे होत्या. भिंतीवरच्या त्या नाजूक पांढऱ्या रेषा अशा घरांतल्या आहेत. खोलीला शोभा म्हणून त्या उचलताना यातलं काहीच आपल्यासोबत येत नाही.

मग ही कला बायकांची होती, तर आज वारली चित्रकार म्हटल्यावर आपल्या तोंडी नाव कुणाचं येतं? जिव्या सोमा मशे. पुढे? माहीतगार असतील त्या त्यांच्या मुलांची नावं सांगतील. एका बाईचं नाव सांगा म्हटलं तर खोलीत शांतता पसरते. मी दोन-तीन शिबिरांत विचारून बघितलं आहे.

जिव्या मशे थोर कलावंत होते याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. लहानपणी आई गेल्यावर या मुलाने बोलणं सोडलं आणि तो धुळीत चित्रं काढत राहिला, असं सांगतात. डहाणूजवळच्या गंजाडच्या या माणसाने चौकाची चौकट सोडून मासेमारी, पेरणी, मुंग्यांची वारुळं, आगगाडी असं सगळं कागदावर आणि कापडावर आणलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात जागा, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. हे सगळं त्यांनी कमावलेलं आहे. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही. भिंतीवरून चित्र कागदावर आलं तेव्हा त्या भिंतीपुढे बसलेल्या बायका कागदापर्यंत का पोचल्या नाहीत, हा आहे.

इथे एक मराठी माणूस गोष्टीत येतो, भास्कर कुलकर्णी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले ते हेच. बायका बुजल्या, पुढे आल्या नाहीत, जिव्या पुढे आले, असं त्या वेळचं वर्णन नेहमी केलं जातं. 'बायका बुजल्या' हे वाक्य आपल्याला चांगलं ओळखीचं आहे. ग्रामसभेत बायका का नाहीत? बुजतात. सोसायटीच्या कमिटीवर का नाहीत? बुजतात. लाजाळूपणा काही प्रमाणात खराही असेल. पण कागदाला काय काय लागतं ते बघू. भिंतीवरचा चौक लग्नाच्या कामात बसतो, त्याला घरच्यांची आणि जातीची परवानगी असते, चार जणी मिळून तो संपवतात. कागदावरच्या चित्राला सलग बैठक लागते. पाणी, सरपण, पोरं, आवणी, गवतकापणी, पावसाळा संपला की वीटभट्टीवर निघालेलं बिऱ्हाड, यात बैठक कुठून आणायची? मग चित्रांची गुंडाळी घेऊन गाडीने मुंबईला जायचं, दुकानदाराशी परक्या बोलीत भाव ठरवायचा, उशीर झाला तर रात्री कुठेतरी राहायचं. हे पुरुषाला जमलं, कारण त्याने रात्री बाहेर राहिल्यावर कुणी काही विचारलं नाही. एकदा चित्राला पैसे मिळू लागले आणि चित्र काढणं हा 'धंदा' झाला, तेव्हा तो पुरुषाकडे जाणं ठरल्यासारखंच होतं. शिलाईयंत्राचं नाही का तसंच झालं? घरात शिवते ती बाई, दुकान टाकतो तो टेलर.

आज वारली बायकाही कागदावर, कापडावर काढतात. ज्या घरांत नवरा चित्रकार आहे तिथे गेरू लावणं, बारीक पानं भरणं, जाळी भरणं हे काम पुष्कळदा बायकोचं आणि मुलींचं असतं. खाली सही एकाची. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे ही कला वारल्यांची, बाहेरच्याने हे नाव वापरून माल विकू नये, असं म्हणायला कायद्याचा आधार आला. चांगलंच झालं. पण समाजाच्या नावावर हक्क आला म्हणजे समाजातल्या बाईच्या हातात तो पोचला असं होत नाही. सातबारा कुटुंबाचा असतो, नाव कुणाचं असतं ते आपण जाणतोच.

आता हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी काही वर्षं बिहारमध्ये मधुबनीला गेले होते, तिकडची गोष्ट. १९६६-६७ चा भयंकर दुष्काळ. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना पाठवलं. मिथिलेच्या बायका घरातल्या भिंतींवर, विशेषतः नवरानवरीच्या कोहबराच्या खोलीत जी चित्रं काढतात ती त्यांनी कागदावर काढावीत आणि त्यातून दोन पैसे मिळावेत, असा बेत. तिथल्या बायका चित्र 'काढलं' म्हणत नाहीत, 'लिहिलं' म्हणतात. कोहबर लिहायचा. ज्यांना शाळेचं तोंड दिसलं नाही त्या बायका पिढ्यान्पिढ्या भिंतीवर लिहीत आल्या. तिथे मात्र कला बायकांच्या हातून फारशी सुटली नाही. एक तर योजनाच बायकांना धरून आखली होती, आणि कागद त्यांच्या उंबऱ्याच्या आत नेऊन दिला होता. पडद्यातल्या बायकांना बाजारात जायला लागलं नाही, बाजार दारात आला. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी यांना पुढे पद्मश्री मिळाली. मला यातून एवढंच दिसतं की 'बायका बुजतात' हा काही निसर्गनियम नव्हे. कागद कुठे ठेवला, कुणाच्या हातात दिला, यावर पुष्कळ काही ठरलं.

गंगादेवींबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि या घराबाहेर पडल्या. परित्यक्ता हा शब्द घेऊन आपण महाराष्ट्रात परिषदा भरवल्या, त्या शब्दाच्या आतलं आयुष्य या बाईने जगून काढलं. त्यांनी अमेरिकेच्या प्रवासात पाहिलेला आकाशपाळण्यासारखा खेळ चितारला. कर्करोग झाल्यावर त्या आजाराची, दवाखान्याची चित्रं काढली. कोहबर लिहिणाऱ्या हाताने रुग्णालयातली खाट लिहिली. दिल्लीच्या शिल्पसंग्रहालयात त्यांनी एक संपूर्ण कोहबर घर रंगवलं होतं. १९९१ मध्ये त्या वारल्या. पुढे संग्रहालयाच्या नूतनीकरणात ती भिंतच पाडली गेली. पद्मश्री मिळालेल्या, पुस्तकं निघालेल्या कलावतीची ही गत.

पण मिथिलेतही कागद सगळ्या दारांत गेला नव्हता. नावाजल्या गेल्या त्या बहुतेक ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या. त्याच गावांत दुसाध होते, चामार होते, मल्लाह होते. देवादिकांची, रामसीतेची चित्रं ही वरच्या जातींची मिरास. मग सत्तरच्या दशकात दुसाध बायकांनी काय केलं? एरिका मोझर नावाच्या जर्मन मानववंश अभ्यासक बाईने त्यांना चित्रं काढा म्हणून उठवलं, तेव्हा चानोदेवी आणि त्यांच्यासारख्या काही जणींनी आपल्या अंगावर जे होतं तेच कागदावर घेतलं. गोंदण! हातापायांवर गोंदलेल्या ओळी, ठिपके, फुलं, पाखरं. आणि राम नको तर नको, आमचा राजा सलहेस आहे, असं म्हणून त्याच्या कथा. कागदाला शेणाच्या पाण्याचा हात द्यायची रीतही दलित बायकांनीच रूढ केली. आज मधुबनीत 'गोदना' ही वेगळी शैली मानतात. २०२४ मध्ये शांतीदेवी पासवान आणि शिवन पासवान या दांपत्याला तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. सुरुवातीपासून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

दुलारीदेवींची गोष्ट तर आपल्या घरकामगार संघटनेच्या कुठल्याही बैठकीत सांगावी अशी. रांटी गावच्या, मल्लाह जातीच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या. लहानपणी लग्न झालं, मूल झालं ते गेलं, त्या माहेरी परत आल्या आणि लोकांच्या घरी झाडूपोछा, धुणीभांडी करू लागल्या. ज्या घरी काम मिळालं ते होतं महासुंदरीदेवींचं, नामांकित चित्रकर्तीचं. तिथे आणि कर्पूरीदेवींच्या हाताखाली, काम उरकल्यावर बघत बघत त्या शिकल्या. २०१० मध्ये त्यांच्या आयुष्यावरचं चित्रांचं पुस्तक निघालं, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दुलारीदेवींनी भेट दिलेली साडी नेसली होती आणि त्या दिवशी साडीचं वर्णन घरोघर पोचलं. कौतुकच वाटलं. त्याच वेळी मनात आलं की दुलारीदेवींना मालकीण चित्रकार मिळाली म्हणून त्या शिकल्या. भांडी घासणाऱ्या बाकीच्या जणींच्या हातात काय काय असेल, ते कोण बघणार?

भूरीबाईंच्या बाबतीतही मला हेच टोचतं. त्या मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या, भिल्ल. भोपाळला भारत भवन बांधलं जात होतं तेव्हा तिथे मजूर म्हणून डोक्यावरून माल वाहत होत्या. रोज ६ रुपये, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. चित्रकार जगदीश स्वामीनाथन तिथल्या मजुरांना विचारत फिरत, तुमच्याकडे भिंतीवर काय काढता? भूरीबाईंना त्यांनी कागद आणि रंग दिले. दिवसभर बसून चित्र काढायचं आणि वर मजुरीपेक्षा जास्त पैसे, हे त्यांना खरंच वाटेना. भिल्लांत पिठोऱ्याचे घोडे लिहायचा मान पुरुषांचा, बाईने तिथे हात लावायचा नाही. भूरीबाईंनी पिठोरा बाजूला ठेवून आपलं ठिपक्यांचं रान उभं केलं. झाडं, मोर, हरणं, झोपड्या, पुढे मोटारी आणि विमानंसुद्धा. १९८२ मध्ये भारत भवन उघडलं. ज्या इमारतीच्या विटा वाहिल्या तिच्यातच त्यांची चित्रं लागली. पुढे मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात त्यांनी स्वतःचा जन्मभराचा प्रवास एका लांबलचक भिंतीवर रंगवला आहे. भोपाळला गेलात तर तो बघितल्याशिवाय येऊ नका. मजुरीच्या दिवसांपासून सगळं त्यात आहे. २०२१ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली.

स्वामीनाथन यांची नजर त्या दिवशी दुसरीकडे असती तर? त्याच बांधकामावर आणखी किती बायका पाट्या वाहत होत्या! दर वेळी कुणी एक सहृदय माणूस यावा लागतो, तो बहुधा पुरुष असतो, शहरातला असतो, आणि मग 'शोध लागला' म्हणतात. वारली कलेचा शोध लागला, भिल्ल चित्रांचा शोध लागला. बायका तर तिथेच होत्या, काढत होत्या. नोंदीला जे शाळा, परवाना, ओळख, पैसा लागतो तो ज्यांच्याकडे होता त्यांनी बघितल्यावरच ते घडलं असं धरायचं, हा शोधाचा अर्थ.

हे सगळं बोलायला लागलं की एक मुद्दा हमखास येतो, आपल्याच कार्यकर्त्या मैत्रिणींकडूनही. लोककला ही समूहाची असते, तिला नाव लावणं हा शहरी व्यक्तिवाद आहे, तो त्यांच्यावर का लादायचा? ऐकायला भारदस्त वाटतं. पण जिव्या मशेंच्या चित्राखाली नाव घालताना हा व्यक्तिवाद कुणाला खुपला नव्हता. चौघींनी मिळून चौक काढला तर चौघींची नावं लिहावीत, कागदाला जड होत नाहीत. आणि समूहाची म्हणायची तर मग पैसेही समूहाला गेले पाहिजेत. आम्ही दिनदर्शिका विकून जे पैसे जमवले त्यातला एक रुपयाही त्या पाड्यावर गेला नव्हता. समूह आठवतो तो श्रेय देताना. घेताना आपण व्यक्तीच असतो.

दुसरा मुद्दा असा येतो की चौक काही टिकवायचा नसतोच, लग्न झालं की पुढच्या सारवणाखाली जातो, मग नावाचा एवढा आग्रह कशाला? खरं आहे. तो पुसायचा हक्क त्यांचा आहे. पण आपण तर तो टिकवला ना? फोटो काढून, ब्लॉक करून, हजार प्रती छापून. टिकवणाऱ्याने नाव टिकवायला नको का?

हे करणं अशक्य आहे असंही नाही. २०११ मध्ये 'भीमायन' नावाचं इंग्रजी चित्रपुस्तक निघालं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड दांपत्याची. दुर्गाबाई लहानपणी भुई आणि भिंतींवर डिग्ना काढायला शिकल्या. डिग्ना म्हणजे सणाला, लग्नकार्याला काढायची तिकडच्या बायकांची नक्षी. त्याच हाताने त्यांनी महाडचं तळं काढलं. पाणी नाकारलेल्या मुलाची तहान त्या पुस्तकात माशांतून, पाण्यातून, जनावरांतून दिसते. मुखपृष्ठावर दुर्गाबाईंचं नाव आहे, नवऱ्याच्या आधी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि उमरिया जिल्ह्यातल्या जोधैयाबाई बैगा! मजुरी करून, सरपण विकून पोरं वाढवली, सत्तरीच्या आसपास पहिल्यांदा ब्रश धरला. २०२३ मध्ये पद्मश्री, २०२४ च्या डिसेंबरात त्या गेल्या. सवासण असण्याची अट त्यांच्या कागदाने घातली नाही. विधवेच्या हातात काडी परत आली ती चौक सोडून बाहेर आल्यावर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परंपरा जपा, जपा असं म्हणताना ही गोष्ट आपण सोयीने विसरतो.

मग आपण, म्हणजे बायकांच्या संघटनांनी काय करायचं? आमच्या गटात यावर भांडणं झाली, ती संपलेली नाहीत. एकीचं म्हणणं, यापुढे वारली आकृत्या वापरायच्याच नाहीत. दुसरीचं, वापरायच्या नाहीत म्हटलं तर जिला दोन पैसे मिळाले असते तिचेही गेले. शेवटी एवढं ठरलं की या वर्षीचं पोस्टर बाजारातल्या नक्षीच्या पुस्तकातून उचलायचं नाही. पाड्यावरच्या बाईकडूनच चित्र घ्यायचं, आधी मोबदला ठरवायचा, तिच्या हातात द्यायचा, तिच्या नवऱ्याच्या नाही, आणि चित्राखाली तिचं नाव, गाव घालायचं. तिला विषय सांगायचा की नाही यावर अजून एकमत नाही. एका मैत्रिणीला हुंडाबळीचं चित्र हवं आहे. मला वाटतं, तिला जे लिहायचं असेल ते तिने लिहावं. वारल्यांत नवरीकडे देज येतो, हुंडा जात नाही. आपला विषय तिच्या माथी का?

तो फोटोही आता कपाटातून काढला आहे. भातकापणी झाली की दोघी कार्यकर्त्या तो घेऊन त्या भागात जाणार आहेत. पाठमोऱ्या बायका ओळखणार कशा, हा प्रश्न आहेच. एकीच्या कोपराच्या वर गोंदण दिसतं, दुसरीने अंबाड्यात काहीतरी खोचलं आहे, फूल असावं. लग्न कुणाचं होतं ते कळलं तर पुढचं सोपं जाईल. लग्नं लोकांच्या लक्षात राहतात, आणि ती नवरी आज आजी झाली असेल.

तुमच्याही कार्यालयात, घरी, शिबिरांचे असे फोटो असतील. गाणाऱ्या बायकांचे, गोधडी शिवणाऱ्या, भिंत रंगवणाऱ्या, मातीचे बैल करणाऱ्या. एकदा उलटून मागे काय लिहिलं आहे ते बघा. नाव असेल तर ते आणि गाव आम्हाला कळवा. नसेल, आणि तेव्हा कोण कोण बरोबर होतं ते आठवत असेल, तर तिला फोन करून विचारा. आमच्याबरोबर त्या शिबिराला आलेल्या दोघी आता नाहीत, तिसरीला काही आठवत नाही. चौथीचा पत्ता शोधतो आहोत.